धुराला शीव नसते

अमेरिकेत शँप्लेन सरोवराच्या काठी, न्यूयॉर्क राज्यातील टिकोंडेरोगा येथे कागदाची गिरणी आहे. २००६ साली तिच्या भट्टीत जुने टायर जाळून पाहण्याचे ठरले. टायर कोळशाहून अधिक उष्णता देतो. पण त्यात गंधक व जस्तही असते. धूर आपल्याकडे येणार म्हणून पैलतीरीच्या व्हर्माँटने विरोध केला. धूलिकण अडविणारे यंत्र आधी बसवा, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने चाचणी रोखली नाही. नोव्हेंबरात ती सुरू झाली. परंतु धूलिकणांची मर्यादा पाळता येईना, म्हणून थोड्याच दिवसांत गिरणीनेच ती थांबविली.

गिरणीवर अनेकांच्या चुली पेटतात, हे आम्ही जाणतो. तथापि शेजाऱ्याच्या लेकरांचा श्वासही तितकाच मोलाचा. वाचकहो, आपल्या गावाजवळ अशी भट्टी उभी राहू लागली, तर धुराड्यात काय बसविले आहे, हे आधी विचारावे.