गुड न्यूज आली, मनी कुठे चालली?

मांजर म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक जण एक्स्पर्ट! वाटीभर दूध ठेवलं की झालं (मोठेपणी बऱ्याच मांजरांना ते पचतच नाही, पोट बिघडतं), आडवं गेलं की थांबायचं... ह्यावर मी हसून सोडून देते. पण एका गैरसमजावर हसू येत नाही. सुनेला दिवस गेले, की सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं एकच, 'आधी ते मांजर बाहेर काढा!' माझ्या ओळखीतल्या दोन मन्यांची अशी रवानगी झालीये.

भीती अगदीच खोटी नाही. टॉक्सोप्लाज्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो, आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण मांडीवर बसलेल्या मनीच्या केसांतून तो सहसा येत नाही हं! लागण झालेलं मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, १ ते ३ आठवडे, तो बाहेर टाकतं. शिवाय विष्ठेतून पडल्यावर तो घातक व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे लिटर ट्रे रोजच्या रोज साफ हवा, आणि ते काम नऊ महिने नवरोबांचं. (कुरकुर करतील, करू द्या.) कोणीच नसेल तर ग्लोव्ह्ज घाला, नंतर साबणाने हात धुवा. मनीला कच्चं मटण नको, बाहेर भटकणंही बंद.

खरी गंमत पुढेच आहे. हाच परजीवी अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या सॅलडमधून, कुंडीतल्या मातीतूनही येतो. पण अर्धकच्चा कबाब घराबाहेर काढा, असं कुठल्याच काकू म्हणत नाहीत! घरात मांजर आहे हे डॉक्टरांना पहिल्याच व्हिजिटला सांगा. टेस्ट हवी की नको, ते त्या ठरवतील.