मुलाचा नकार आणि घरातील पंगत

प्रश्नाचे स्वरूप

परभणी जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबात रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची, करडईची किंवा मेथीची भाजी असावी, हे त्या भूमीच्या पिकांना धरूनच आहे. परंतु तीन-चार वर्षांचे मूल वरणात कुसकरलेल्या भाकरीचा पहिला घास खाते, दुसऱ्या घासात हिरवे पान दिसताच तोंड मिटून घेते, आणि मग नित्याचा प्रसंग सुरू होतो. आजी चिऊ-काऊच्या नावाने घास पुढे करते, आई आधी समजावते व नंतर रागावते, वडील दटावतात; आणि अखेरीस साखर घातलेल्या दुधात पोळी कुसकरून किंवा चहात बिस्किट बुडवून त्या प्रसंगाचा शेवट केला जातो. मूल उपाशी निजले नाही एवढे समाधान मिळते खरे. पण दुसऱ्या दिवशी भाजी पुन्हा तिथल्या तिथेच राहते.

हा प्रश्न घरगुती दिसला तरी क्षुल्लक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, आणि ती सर्व पानात सापडत नाहीत. तथापि लोहयुक्त अन्नाचा अभाव हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि पाटनचेरू येथील इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण प्रसारित केला, तो याच उणिवेकडे लक्ष देऊन. नेहमीच्या वाणांत दर किलो धान्यामागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह व २० मिलिग्रॅम जस्त असते. या वाणात लोह ४० मिलिग्रॅमहून व जस्त ३० मिलिग्रॅमहून अधिक आहे. धान्यातील लोह वाढविणे हे पैदासशास्त्राचे काम झाले. ते धान्य मुलाच्या पोटात जाणे हे मात्र घरातील जेवणाच्या रीतीवर अवलंबून राहते, आणि त्या रीतीचाच विचार येथे करावयाचा आहे.

नकाराची कारणे

मूल हट्टी आहे म्हणून खात नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. बालविकासशास्त्राचा निष्कर्ष निराळा आहे. नवजात अर्भक गोड चवीने प्रसन्न होते व कडू चवीने तोंड वाकडे करते. ही प्रतिक्रिया उपजत असते. साधारणतः दुसऱ्या वर्षापासून पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत अपरिचित अन्नाविषयीची धास्ती विशेष तीव्र होते. मूल चालू लागते, दिसेल ते उचलू शकते, आणि नेमक्या त्याच काळात ते अनोळखी वस्तू तोंडात घालण्यास कचरू लागते. अनेक अभ्यासकांच्या मते ही निसर्गाने दिलेली सावधगिरी आहे, कारण वनस्पतींतील पुष्कळशी विषे कडू असतात. पालेभाजीचा हिरवा रंग, तिचा उग्र वास आणि किंचित कडूपणा या तिन्ही गोष्टी त्या सावधगिरीला जागे करतात.

शिवाय सर्वांची जीभ सारखी नसते. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. ती सहकाऱ्याला अत्यंत कडू लागली, फॉक्स यांना मात्र तिची काहीच चव लागली नाही. हा भेद आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले. एकाच घरातील दोन भावंडांपैकी एक मुळ्याचा पाला आनंदाने खाते व दुसरे त्याकडे पाहातही नाही, यात दुसऱ्याचा हट्टच असेल असे नाही.

तरीही अन्नाची आवड जन्मतःच ठरून गेलेली असते, असे मानणे चुकीचे होईल. जूली मेनेला व त्यांचे सहकारी यांच्या २००१ सालच्या प्रयोगात ज्या मातांनी गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेतला होता, त्यांच्या बालकांनी पुढे गाजराची चव असलेले अन्न अधिक सहजतेने स्वीकारले. म्हणजे उष्टावणाच्या समारंभापूर्वीच मुलाची आपल्या घराच्या चवींशी ओळख सुरू झालेली असते.

प्रयोगांनी काय दाखविले

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत गैरसमजाने उद्धृत केला जाणारा प्रयोग क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंचा. १९२६ साली सुरू झालेल्या या प्रयोगात अखेरपर्यंत पंधरा बालकांचा समावेश झाला. नुकतेच अंगावरून सुटलेल्या या बालकांपुढे निरनिराळी साधी अन्ने ठेवली जात. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसे. मुलाने बोट दाखवेपर्यंत तिने काही देऊ नये, सुचवू नये वा कौतुकही करू नये असा नियम होता. बालके आपापल्या मर्जीने, कधी अगदी विचित्र जोड्या करून जेवली, आणि सुदृढ वाढली. यावरून ‘मुलाला हवे ते खाऊ द्यावे’ असा अर्थ पुष्कळांनी काढला. स्वतः डेव्हिस यांनी तो नाकारला. निवडीसाठी ठेवलेल्या एकूण चौतीस अन्नांत साखर नव्हती, मिठाई नव्हती, कारखान्यात तयार झालेला एकही पदार्थ नव्हता. प्रयोगाचे रहस्य त्या यादीत आहे, असे त्यांनी १९३९ साली स्पष्ट लिहिले. यादी प्रौढांनी ठरविली होती, निवड मुलांनी केली.

पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हाच विचार जबाबदारीच्या विभागणीच्या रूपाने मांडला. काय वाढावयाचे, केव्हा व कोठे वाढावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे. खावयाचे की नाही आणि किती, हे मुलावर सोपवावे. आपल्या घरांत बहुधा याच्या उलट घडते. काय खावयाचे हे मुलाच्या रडण्यावरून ठरते, आणि किती खावयाचे हे आजीच्या आग्रहावरून.

आग्रहाचा परिणाम काय होतो, हे एमी गॅलोवे व सहकाऱ्यांनी २००६ साली तपासले. बालवाडीतील मुलांना काही आठवडे दोन प्रकारचे सूप देण्यात आले. एका सुपाच्या वेळी ‘संपव’ असा लकडा लावला जाई, दुसऱ्याच्या वेळी नाही. लकडा लावलेले सूप मुलांनी कमी प्याले, आणि त्याविषयी तक्रारीही अधिक केल्या. आमिषाची गतही फारशी निराळी नाही. ‘भाजी खाल्लीस तर लाडू’ असे सांगितले की मूल त्या दिवशी भाजी खाते, परंतु भाजी ही लाडवासाठी भोगावयाची शिक्षा आहे असा धडा घेते. लीअन बर्च यांच्या १९८० च्या दशकातील प्रयोगांत बक्षिसाच्या बदल्यात प्यावयास लावलेले पेय मुलांना पूर्वीपेक्षा कमी आवडू लागले. उलट बक्षीस म्हणून दिलेल्या खाद्याची आवड वाढली.

मग उपयोग कशाचा होतो? पुनःपुन्हा झालेल्या, दडपण नसलेल्या ओळखीचा. बर्च व मार्लिन यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना नवी खाद्ये कमी-अधिक वेळा चाखावयास दिली. जे खाद्य अधिक वेळा चाखले, तेच पुढे अधिक पसंत पडले. नुसते पाहून जिभेची पसंती बदलत नाही, कणभर का होईना चव घ्यावी लागते, हेही पुढील प्रयोगांत दिसले. जेन वॉर्डल यांच्या २००३ सालच्या अभ्यासात आईवडिलांनी घरीच मुलाच्या नावडीची एक भाजी चौदा दिवस रोज थोडीशी चाखावयास दिली, आणि त्या भाजीची आवड व तिचे सेवन ही दोन्ही वाढली. चौदा दिवस! बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर ‘याला ही भाजी आवडत नाही’ असा कायमचा शिक्का बसतो.

दोन स्थानिक अडचणी

हे निष्कर्ष जसेच्या तसे परभणीच्या स्वयंपाकघरात आणू पाहणाऱ्या अभ्यासकाने दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट नासाडीची. दहा वेळा वाढावयाचे म्हणजे कदाचित दहा वेळा टाकावयाचे. बॉस्टन परिसरातील कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅटलिन डॅनियल यांनी दाखविले की, गरीब पालक मूल नाकारील अशी वस्तू आणण्याचेच टाळतात, कारण वाया गेलेले अन्न त्यांना परवडत नाही. तेथे जे खरे, ते जिरायती शेतीवर किंवा ऊसतोडीच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला अधिकच लागू पडते. त्या आईस अज्ञानी म्हणणे अन्यायाचे आहे. तिचा हिशेब बरोबर असतो. परंतु आपल्या आहारपद्धतीत या अडचणीचा तोडगाही आहे. मुलासाठी वेगळे काही शिजवू नये. सर्वांसाठी केलेल्या भाजीतून हरभऱ्याच्या दाण्याएवढा भाग त्याच्या ताटात ठेवावा. त्याने तो सोडला तर गेले ते दाण्याएवढेच. उरलेली भाजी घरात खपतेच. घोळ, तांदुळजा यांसारख्या शेतात आपोआप उगवणाऱ्या भाज्यांना तर पैसाही पडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. मूल मोठ्यांना पाहून खाण्यास शिकते. हार्पर व सँडर्स यांनी १९७५ साली असे दाखविले की, अनोळखी पदार्थ केवळ पुढे केला असता मुले तो जितक्या वेळा तोंडात घालतात, त्याहून अधिक वेळा, देणारी व्यक्ती स्वतः तो खात असेल तेव्हा घालतात; आणि परक्या व्यक्तीपेक्षा आईचा परिणाम अधिक होतो. आता आपल्याकडील रीत पाहावी. अनेक घरांत मुले व पुरुष आधी जेवतात. घरातील स्त्री चुलीपाशी भाकरी थापीत असते आणि सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते. ज्या व्यक्तीच्या खाण्याचा मुलावर सर्वांत अधिक प्रभाव पडावा, तिला खाताना मूल पाहातच नाही. ते तिला वाढताना, आग्रह करताना आणि रागावताना पाहते. भाजी ही आई स्वतः आवडीने खाते अशी वस्तू न राहता आई इतरांना खावयास लावते अशी वस्तू होते.

या रीतीचे दुष्परिणाम स्त्रीच्या स्वतःच्या पोषणावर होतात, हे सर्वपरिचित आहे. मुलाच्या रुचिशिक्षणावरही त्यांचा परिणाम होत असला पाहिजे, असे वरील प्रयोगांवरून अनुमान निघते. आईने मुलाबरोबर एकाच पंगतीत बसणे हा म्हणूनच आहारशिक्षणाचा भाग समजला पाहिजे. भाकरी गरम हवी हा आक्षेप खरा आहे. तथापि आधी भाकऱ्या करून कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि आठवड्यातून काही रात्री तरी सर्वांनी एकत्र जेवावे, हे अशक्य नाही.

व्यवहारातील काही सूचना

जेवणापूर्वी तास-दीड तास चहा-बिस्किट देऊ नये. भूक मोडते, आणि चहातील द्रव्ये अन्नातील लोहाच्या शोषणास अडथळा करतात. भाजीवर लिंबू पिळल्यास ते शोषण वाढते. ‘भुकेला कोंडा’ ही म्हण भुकेचे महत्त्व सांगते, पण तिचा अर्थ उपाशी ठेवणे असा करू नये. ताटात ओळखीचा व आवडीचा एक पदार्थ नेहमी असावा, म्हणजे मूल निर्धास्तपणे ताटावर बसेल.

नवी चव ओळखीच्या चवीच्या आधाराने आणावी. अंबाडीची आंबट भाजी ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालून, वरून लसणाची फोडणी देऊन करतात, तेव्हा आजीला शास्त्र ठाऊक नसले तरी तत्त्व हेच असते. थालीपीठात पाला मिसळल्याने पोषण होते. मात्र पाला लपवून खाऊ घातला तर मुलाची त्याच्याशी ओळख होत नाही. त्यापेक्षा भाजी निवडताना मुलाला जवळ बसवावे व पाने खुडावयास द्यावीत.

समवयस्कांचा प्रभावही मोठा असतो. बर्च यांनी १९८० साली निराळी भाजी पसंत करणाऱ्या मुलांच्या मेजावर एका मुलास काही दिवस बसविले, तेव्हा त्याची निवड त्यांच्याप्रमाणे बदलू लागली. १९७५ सालापासून चालू असलेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्यांत अशी पंगत रोज बसू शकते. तिचा उपयोग केवळ पोट भरण्यापुरता मानू नये.

एक मर्यादा मात्र स्पष्ट केली पाहिजे. मुलाचे वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, किंवा ते मोजक्याच दोन-चार पदार्थांवर जगत असेल, तर तो सामान्य नकार नव्हे. अशा मुलास वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. रक्तक्षयाचा उपचारही एकट्या भाजीवर सोपवू नये.

समारोप

खरिपाच्या ज्वारीच्या पुष्कळ क्षेत्रावर आज सोयाबीन आले आहे, आणि स्वस्त धान्य दुकानातील गहू-तांदूळ घरोघर पोचला आहे. भाकरी व रानभाजी यांची चव टिकविणारे ठिकाण आता मुख्यतः घरातील जेवण हेच उरले आहे. ज्या मुलाने बालपणी ती चव घेतली नाही, ते मोठेपणी ती आपल्या मुलांना देण्याचा संभव कमी. गृहविज्ञान, बालविकास व कृषी विस्तार या शाखांच्या विद्यार्थ्यांनी या जिल्ह्यातील घरांत जाऊन मूल काय खाते याबरोबरच ते कोणाच्या शेजारी बसून खाते, आणि त्या वेळी आई कोठे असते, याचीही नोंद घ्यावी. हे टिपण्यास साधनसामग्री लागत नाही. संध्याकाळी त्या घरी जाऊन जेवण होईतो शांतपणे बसले, म्हणजे पुरे.