गृहसजावट : कोपीतली आणि घरकुलातली

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर सजवण्याबद्दल मात्र म्हण करणाऱ्याने काही सांगितलेले नाही. बांधून होईपर्यंतच त्याच्याजवळचे पैसे संपले असावेत!

गृहशास्त्राच्या तासाला बाईंनी ‘गृहसजावट व व्यक्तिमत्त्व’ हा घटक शिकवला. प्रमाण, समतोल, लय, सुसंवाद आणि आकर्षणकेंद्र ही सजावटीची तत्त्वे आम्ही वहीत उतरवून घेतली. शेवटी बाईंनी प्रत्येकीला आपापल्या घराचे वर्णन लिहून आणायला सांगितले. वर्गातल्या मुलींनी दिवाणखाना, पडदे, शोकेस असे बरेच काही लिहिले. माझे पान कोरेच राहिले. धारूर तालुक्यातल्या डोंगरातले आमचे गाव. आमच्या घराला दसरा-दिवाळीनंतर कुलूप लागते ते उन्हाळ्याच्या तोंडावर निघते. मधले पाच-सहा महिने आमचे घर म्हणजे साखर कारखान्याच्या तळावरची कोपी. आता कोपीची सजावट काय लिहायची? तेव्हा न लिहिलेले ते उत्तर आज या अंकाच्या निमित्ताने लिहीत आहे.

आधी जुन्या घरांविषयी सांगते. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे. दगडमातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा किलचा, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर. उजेडासाठी वर साणे. भिंत इतकी जाड असल्यामुळे तिच्या पोटात पुष्कळ काही मावत असे. दिव्यासाठी देवळी, वस्तूंसाठी कोनाडा आणि धान्यासाठी बळद, सारे भिंतीतच. या घरांत सजावट आणि सोय वेगळ्या नव्हत्या. देवळीभोवती चुन्याची रेघ ओढली की झाली सजावट. दाराच्या दोन्ही बाजूंना गेरूचे पट्टे, नागपंचमीला भिंतीवर नाग, लग्न निघाले की हत्ती-घोडे आणि नवरानवरीची नावे. लग्न होऊन चार वर्षे झाली तरी ती नावे पुसत नसत. परका माणूस भिंत वाचूनच ओळखे की या घरात सून आली आहे.

मग ही घरे गेली कुठे? माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकावी लागे. वर्षानुवर्षे माती पडून छप्पर जड होत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत याच जड छपरांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतली हजारो माणसे गेली. आजी सांगते, त्यानंतर किती तरी दिवस आमच्याकडेही लोक अंगणातच झोपत. पुढे ज्याला जमले त्याने पत्रे घातले, ज्याला त्याहून जास्त जमले त्याने स्लॅब टाकला. ते योग्यच झाले. पण भिंत पातळ झाली आणि तिच्या पोटातली देवळी गेली. भूकंपग्रस्तांसाठी आखीव रांगांत सारखी घरे उभी राहिली. तिथेही काही वर्षांतच कोणी पुढे पडवी काढली, कोणी तुळस लावली. सारखेपणा माणसाला फार दिवस सोसत नाही.

आता कोपीविषयी. आपल्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे माणसांची मोजणीही हत्याराच्या नावाने! बांबू, चटया, पाचट आणि वर प्लॅस्टिकचा कागद एवढ्यावर कोपी उभी राहते. वाकूनच आत जावे लागते. एका रांगेत अशा शंभर कोप्या असल्या तर लांबून सगळ्या सारख्याच दिसतात.

पण जवळून तशा नसतात. माझी माय पहाटे फडात जायची आणि अंधार पडल्यावर यायची. तरी तळावर पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ती आधी चूल घाली. चुलीच्या कडेला ओल्या मातीत बोटांनी ठिपक्यांची वेल उठवी. आमच्या वहीतले ‘आकर्षणकेंद्र’ ते हेच. मग ती दाराशी हात-दोन हात जागा सारवून चार ठिपक्यांची रांगोळी काढी. रांगोळी नसली तर राख चाले. आत बांबूला अडकवलेला एक आरसा, लुगड्यांच्या तुकड्यांची वाकळ आणि पत्र्याची पेटी. वाकळीत हिरव्या शेजारी लाल आणि मध्ये पांढरी पट्टी हे मायचे ठरलेले होते. ‘सुसंवाद’ हा शब्द तिला ठाऊक नव्हता, रंग ठाऊक होते. लहानपणी मी तळावर हरवले की लोक विचारीत, “कोणाची गं तू?” मी म्हणे, “वेलाच्या चुलीवालीची.” आणि लोक मला बरोबर आणून सोडीत. व्यक्तिमत्त्व दाखवणारी सजावट याहून वेगळी काय असते?

गृहसजावटीच्या इतिहासात सेवाग्रामच्या बापूकुटीचे उदाहरण मला फार शिकवून जाते. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला गेले. माती, बांबू, कौले अशा आसपासच्या साहित्याचीच ती घरे. कुटीच्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे मातीतच उठवलेली आहेत. ते काम मीराबेनचे. ती कुटी आधी त्यांचीच होती. एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही मुलगी वर्ध्याच्या मातीत हात घालून भिंत सजवते आणि ती भिंत गांधीजींच्या साधेपणाला कुठेही विसंगत वाटत नाही. साधेपणा म्हणजे शोभेचा अभाव नव्हे, एवढे त्या भिंतीवरून कळते.

गेल्या वर्षी आम्हाला घरकुल मंजूर झाले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. मैदानी भागासाठी मूळ अर्थसाहाय्य १ लाख २० हजार रुपये आणि तेही बांधकाम सरकेल तसे हप्त्याने. बाकीचे आबांनी उचलीतून घातले. घर उभे राहिले आणि आमच्या घरात प्रथमच सजावटीवरून भांडण झाले.

मायला देवळी हवी होती. गवंडी म्हणाला, “मावशी, चार इंची भिंत हे. देवळी केली तर पलीकडं शेजाऱ्याच्या घरात निघंल.” आबांना साऱ्या भिंतींना गुलाबी ऑइल पेंट हवा होता, मुकादमाच्या घरासारखा. मी तर गृहशास्त्र शिकलेली! मी म्हटले, भिंती पांढऱ्या ठेवू, मायच्या हातची वेल काढू आणि समोरच्या भिंतीवर आबांचा जुना कोयता टांगू. एका मासिकात शहरातल्या बंगल्याच्या भिंतीवर असाच नांगर टांगलेला मी पाहिला होता.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, कोयता शोभेला लावतेत का? दसऱ्याला तो मला पुन्हा हातात धरायचाय. आन् जन्म गेला मातीच्या भिंतीत. हात लावला की अंगाला माती. एक भिंत तरी अशी असावी की फडक्यानं पुसली की लख्ख.”

मी निरुत्तर झाले. गुलाबी रंग म्हणजे मुकादमाची नक्कल, असे मी समजत होते. ती खरे तर स्वच्छ भिंतीची चाळीस वर्षांची इच्छा होती. आणि मी मात्र आबांचे कष्ट भिंतीवर टांगून, पाहुण्यांना दाखवून स्वतःची हौस भागवणार होते. आपले व्यक्तिमत्त्व घरात दिसावे असे म्हणताना ‘आपले’ म्हणजे घरातले एकटे मी नव्हे, हे पुस्तकात लिहिलेले नसते.

शेवटी तोड निघाली, ती इतरांनाही उपयोगी पडावी म्हणून सांगते. छोट्या खोलीत चारही भिंती गडद केल्या तर खोली आणखी आखडते, वरचा भाग पांढरा ठेवला तर उजेड फिरतो. म्हणून कमरेइतक्या उंचीपर्यंत, जिथे हात आणि पाठ लागते तिथे, आबांचा गुलाबी ऑइल पेंटचा पट्टा दिला आणि वर चुना. नवा गिलावा ओला असताना ऑइल पेंट लावला तर फुगे येऊन रंग सुटतो, म्हणून गिलावा नीट वाळेपर्यंत थांबलो. देवळीऐवजी कोपऱ्यात कडप्प्याची छोटी फळी बसवली. दिवा तिच्यावर आला. बाहेरच्या भिंतीला पांढरा रंग दिला, कारण तो उन्हाची तिरीप परतवतो आणि आपल्या भागातल्या उन्हाळ्यात एवढाही फरक जाणवतो. वर्षातले सहा महिने घरात एकटी आजी असते आणि मी सुट्टीपुरती जाते. त्यामुळे धूळ साठेल असे काही ठेवलेच नाही. वाकळ पलंगावर अंथरली की तोच पडदा आणि तोच गालिचा. दाराशेजारी मायने गेरूने वेल काढली. चुलीवरची होती तशीच, फक्त आता ती पावसाळ्याआधी मोडून टाकावी लागत नाही.

मित्रमैत्रिणींनो, सजावटीचे साहित्य बाजारात मिळते. पण ते आणण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारून पाहावे, ‘तुला काय हवे आहे, आणि का?’ त्यातल्या ‘का’चे उत्तर ऐकायला थोडा वेळ लागतो. त्या उत्तरातूनच घराचा रंग ठरतो.

यंदा दसऱ्यानंतर माय-आबा पुन्हा गेले. जाताना आबांनी भिंत फडक्याने पुसली आणि कोयता पाठीशी बांधला. मायने पेटीत आरसा ठेवला. तळावर चूल घालून झाली असेल आणि कडेला वेलही उठली असेल. बाईंनी तेव्हा मागितलेले घराचे वर्णन मी आता देऊ शकते. मला दोन घरे आहेत आणि दोन्ही सजवलेली आहेत.