केमोने खरंच ‘सगळे अवयव’ जातात?

“केमो लागली की किडनी, लिव्हर, हार्ट सगळं जातं.” कॅन्सरचं निदान होऊन दोन दिवस होत नाहीत, तोच भेटायला आलेलं कुणीतरी हे बोलून जातं आणि रुग्ण उपचाराआधीच निम्मा खचतो.

केमो म्हणजे काही एकच औषध नव्हे. यात डझनावारी औषधं येतात आणि प्रत्येकाचा रोख वेगळा. डॉक्सोरुबिसिन हृदयाला जपून द्यावं लागतं, ब्लिओमायसिन फुप्फुसांना. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टिन हातापायांच्या नसांना त्रास देतात. म्हणून डॉक्टरांना आधी औषधाचं नाव विचारा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

डॉक्सोरुबिसिन दिसायला लालभडक. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. हृदयाचा धोका मात्र खरा आहे आणि तो आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेबरोबर वाढतो. शरीराच्या दर चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे तो झपाट्याने चढतो. स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या चार सायकलींत ही बेरीज २४०च्या आसपास भरते. वय जास्त असेल, रक्तदाब असेल किंवा छातीला रेडिएशन झालं असेल, तर कमी मात्राही बाधू शकते. टूडी एको करायला सांगतात ते यासाठी. तो उगाच वाढवलेला खर्च नाही.

सिस्प्लाटिनचा भार मूत्रपिंडांवर. त्याच्या आगेमागे सलाईन चढवतात, ते ‘अंगात ताकद यावी’ म्हणून, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. ती बाटली औषध मूत्रपिंडांत साचू नये, लघवीवाटे धुऊन जावं, यासाठी असते. याच औषधाने कानही बिघडतात. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. कानात गुंई आवाज येऊ लागला, तर पुढच्या सायकलपर्यंत थांबू नका.

“त्रास जितका जास्त, तितकं औषध लागू पडतंय,” हाही असाच एक समज. उलट्यांवरून गाठ आटली की नाही ते कळत नाही. पण या समजापायी माणसं मुकाट सोसतात. बोटं इतकी बधिर होतात की शर्टाची बटणं लागत नाहीत, तरी बोलत नाहीत. वेळेवर सांगितलं तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

‘लिव्हर साफ करणारा’ काढा? कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्यांमध्ये यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. डॉक्टरांना न सांगता काही घेऊ नका, एवढंच.

किडनी-लिव्हरच्या काळजीत एक अवयव सगळे विसरतात, तो म्हणजे हाडांमधली मज्जा. रक्तपेशी तिथेच तयार होतात आणि बहुतेक केमोंचा पहिला तडाखा तिलाच बसतो. सायकलनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत ‘काउंट’ तळाला जातात. तेव्हा साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो. घरात थर्मामीटर ठेवा. पारा १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, “केमो चालू आहे.”