मांजरासाठी दारात झडप

कॅट फ्लॅप म्हणजे दाराच्या खालच्या भागात मांजराच्या मापाचे भोक पाडून बसवलेली, वरच्या कडेवर झुलणारी छोटी झडप. मांजर डोक्याने ढकलते, झडप उघडते आणि मांजर पार झाले की आपल्याच वजनाने खाली येऊन मिटते. खालच्या कडेचा लहानसा लोहचुंबक तिला वाऱ्याने फडफडू देत नाही, आणि चौकटीला लावलेली ब्रशची किनार धूळ व गार वारा बऱ्यापैकी अडवते. ब्रिटनमध्ये अशी झडप घरोघरी दिसते. महाराष्ट्रात तिची फारशी गरज पडत नसे. इथल्या मांजराला स्वयंपाकघराची खिडकी, कौलांखालची फट किंवा दिवसभर सताड उघडे असणारे मागचे दार पुरत होते. फ्लॅटमधल्या जाळीच्या खिडक्यांनी आणि एसीसाठी लावून घेतलेल्या दारांनी या वाटा बंद केल्या, तेव्हा कुठे झडपेचा विचार सुरू झाला.

कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथेड्रलमध्ये खगोलीय घड्याळाखालच्या दारात एक गोल भोक आजही पाहायला मिळते. घड्याळाच्या यंत्राला चरबीचे वंगण लावत आणि त्या वासाने उंदीर येत. मांजराला आत जाऊन त्यांचा बंदोबस्त करता यावा म्हणून १५९८च्या सुमारास, विल्यम कॉटन बिशप असताना, सुतारांकडून हे भोक पाडून घेतले गेले. त्याच्याही कितीतरी आधी, १३०५पासून, या कॅथेड्रलच्या हिशेबात मांजरापोटी तिमाहीला १३ पेनी खर्ची टाकलेले दिसतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्येही एक नोकर बंद खोलीत डोकावतो तो मांजराच्या ये-जा करण्याच्या भोकातूनच. हा शोध आयझॅक न्यूटनने लावला असे हौसेने सांगितले जाते, पण ते खरे धरता येत नाही. भोक त्याच्या जन्माआधीचे आहेच, शिवाय त्याच्या खोलीत ना कुत्रे होते ना मांजर, असे त्याच्या लेखनिकानेच नमूद करून ठेवले आहे.

झडप बसवण्याचे काम सुताराच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचे आहे. खरा वेळ त्याआधीच्या विचाराला द्यायला हवा, कारण दाराला पडलेले भोक बुजवता येत नाही, पाटीच बदलावी लागते. पहिला प्रश्न कोणत्या दाराचा. फ्लॅटच्या मुख्य दारात झडप बसवू नये. बाहेर जिना, लिफ्ट आणि खाली वाहनांचा रस्ता असतो, आणि तिथे सुटलेले मांजर परत येईलच असे नाही. उंच इमारतींत मुख्य दार आगरोधक असेल तर त्यात भोक पाडताच आग आणि धूर रोखण्याची त्याची क्षमता जाते. फ्लॅटमध्ये झडपेचा खरा उपयोग आतल्या दारांना आहे. मांजराच्या मातीचा ट्रे ठेवलेले न्हाणीघर, भक्कम जाळी मारलेली बाल्कनी किंवा ड्राय बाल्कनी या जागांचे दार लावलेले असले तरी मांजराची गैरसोय होत नाही. बंगल्यात किंवा गावाकडच्या घरात परसाकडे उघडणारे मागचे दार सोयीचे. घरालगत हमरस्ता असेल तर मांजराला मोकळे सोडण्यापेक्षा जाळी लावलेल्या पडवीपुरतीच वाट काढून देणे अधिक शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न झडपेतून आणखी कोण येईल हा. साधी झडप मांजर ओळखत नाही. शेजारचा बोका, उंदीर, घूस, कोकणात आणि शेतालगतच्या घरांत सापसुद्धा त्याच वाटेने येऊ शकतो. म्हणून निदान चार स्थितींचा खटका असलेली झडप घ्यावी. तिच्यात फक्त आत येणे, फक्त बाहेर जाणे, दोन्ही किंवा पूर्ण बंद असे पर्याय मिळतात. त्यापुढच्या प्रकारात मांजराच्या पट्ट्याला चुंबकाची चावी अडकवलेली असते आणि ती जवळ आली की खटका सुटतो. यात दोन अडचणी आहेत. पट्टा हरवला की मांजर बाहेरच अडकते, आणि चुंबकाला वाटेतले खिळे, टाचण्या चिकटून येतात.

सर्वांत भरवशाचा प्रकार मायक्रोचिप वाचणारा. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्य मांजराच्या खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. झडपेच्या बोगद्यातली तार रेडिओलहरी सोडते, तेवढ्या ऊर्जेवर चिप आपला १५ अंकी क्रमांक कळवते आणि क्रमांक ओळखीचा असेल तरच खटका उघडतो. लहरींची पोच जेमतेम काही सेंटिमीटर असल्यामुळे मांजराने डोके आणि खांदे बोगद्यात घातल्याशिवाय झडप हलत नाही. यातल्या साध्या झडपा फक्त आत येणाऱ्याची ओळख पटवतात, बाहेर जायला कोणालाही मोकळीक असते. घरातल्या दोन मांजरांपैकी एकालाच बाहेर सोडायचे असेल तर दोन्ही बाजूंनी चिप वाचणारी झडप घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये १० जून २०२४पासून पाळीव मांजर २० आठवड्यांचे होण्याआधी त्याला चिप बसवणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यामुळे तिथल्या मराठी घरांना वेगळी खटपट करावी लागत नाही. भारतात अशी सक्ती नसली तरी मांजराला ब्रिटनला किंवा युरोपात न्यायचे झाल्यास चिप लागतेच.

आता माप. मांजर उभे असताना जमिनीपासून त्याच्या पोटापर्यंतची उंची मोजायची. झडपेची खालची कड त्या उंचीला किंवा किंचित खाली यावी. पूर्ण वाढलेल्या मांजराला हे अंतर साधारण १२ ते १५ सेंटिमीटर येते. कड वर गेली तर मांजराला उडी मारल्यासारखे घुसावे लागते, आणि म्हाताऱ्या किंवा गाभण मांजरीला ते जमत नाही. पिल्लू असेल तर मोठेपणीचा अंदाज धरून माप घ्यावे आणि तोवर आतून एक पाट टेकवावा. मेन कूनसारख्या थोराड जातीच्या मांजराला नेहमीची झडप अपुरी पडते, त्याला लहान कुत्र्यासाठीची घ्यावी. हमखास राहून जाते ते बाहेरचे माप. आतली फरशी आणि बाहेरचे अंगण यांत एका पायरीचा फरक असला तर आतून बरोबर वाटणारी झडप बाहेरून मांजराच्या डोक्याच्या वर जाते. अशा वेळी दाराबाहेर एक रुंद फरशी किंवा घडीव दगड पक्का बसवावा.

दार कशाचे आहे यावर कापण्याची पद्धत ठरते. जुन्या सागवानी पॅनलच्या दारात झडप पॅनलमध्येच बसली पाहिजे. उभ्या-आडव्या पट्ट्या म्हणजे दाराचा सांगाडा, त्या कापल्या की दार सैल पडते. फ्लॅटमधले फ्लश डोअर दिसते सपाट, पण आतला गाभा प्रत्येकाचा वेगळा. ब्लॉकबोर्डचा भरीव गाभा असेल तर काम सरळ. पोकळ असेल तर भोक पाडल्यावर दोन पातळ पापुद्र्यांमध्ये रिकामी जागा उघडी पडते. तिथे चारही कडांना लाकडी पट्ट्या सरस लावून आत सरकवाव्या लागतात, नाहीतर स्क्रू आवळताना दार चेपते.

प्रत्यक्ष कापणी दार बिजागऱ्यांवरून उतरवून, दोन स्टुलांवर आडवे ठेवून केली तर हात स्थिर राहतो. झडपेच्या खोक्यात कागदी साचा असतो. तो दाराच्या मध्यरेषेवर टेपने चिकटवायचा आणि लेव्हल ठेवून सरळ आहे ना ते पाहायचे. झडप थोडी जरी तिरकी बसली तरी ती एका बाजूला घासते आणि अर्धवट उघडी राहते. मग साच्याच्या चार कोपऱ्यांत, रेषेच्या आतल्या अंगाला, ड्रिलने १० ते १२ मिलिमीटरची भोके पाडायची. जिगसॉचे पाते यांतून खाली उतरते आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत रेषेवरून चालते. जिगसॉचे नेहमीचे पाते वर येताना कापते, त्यामुळे वरच्या पृष्ठभागाच्या ढलप्या उडतात. सनमायका असेल तर कड हमखास फुटते. रेषेवर मास्किंग टेप लावणे, बारीक दातांचे पाते वापरणे आणि मशीन न रेटता संथ चालवणे, एवढे सांभाळले की कड स्वच्छ निघते. शेवटच्या कोपऱ्याशी कापलेला तुकडा खालून हाताने धरून ठेवावा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने मोडून पडताना दाराचा पापुद्रा ओढून नेतो.

भोक पडल्यावर झडप लगेच ठोकून देण्याचा मोह होतो, आणि आपल्या हवामानात तीच चूक महागात पडते. कापलेल्या कडेचे लाकूड उघडे असते. पावसाळ्यात ते पाणी पिते, फुगते, आणि जुलैत झडप अडकायला लागते. प्लायच्या थरांत पाणी शिरले तर ते उकलतात. म्हणून कडा पॉलिश पेपरने घासून प्रायमरचे दोन हात द्यावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच चौकट बसवावी. चौकटीचे दोन भाग असतात. एक बाहेरून आणि एक आतून लावून ते आरपार स्क्रूने जोडले जातात. स्क्रूची डोकी घराच्या आतल्या बाजूला ठेवावीत, म्हणजे बाहेरून कोणी झडप खोलू शकत नाही. स्क्रू दाराच्या जाडीला साजेसे निवडावेत आणि प्लास्टिक वाकेल इतके आवळू नयेत. बाहेरच्या चौकटीभोवती सिलिकॉन भरावे, पण खालच्या कडेला पाणी निथळायला जागा ठेवावी.

चोरीचा विचारही इथेच करायचा. भोकातून हात किंवा वाकवलेली तार घालून आतली कडी काढता येता कामा नये, म्हणून झडप कडी-कुलपापासून हाताच्या पल्ल्यापलीकडे असावी आणि किल्ल्या दाराजवळच्या खुंटीला टांगू नयेत.

काचेचे दार असेल तर काम सुताराकडून काचवाल्याकडे जाते. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, प्रयत्न केल्यास तिचा चुरा होतो. भोकासह नवी काच कारखान्यातूनच करून आणावी लागते. बाल्कनीच्या सरकत्या दारासाठी त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे दाराच्याच खाचेत उभी बसणारी, झडप असलेली अरुंद पट्टी. काच तशीच राहते आणि घर सोडताना पट्टी काढून नेता येते. लोखंडी दारात चिप वाचणारी झडप थेट बसवली तर धातूमुळे लहरी बिघडतात. तिथे भोक मोठे पाडून मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची चौकट घालावी. भिंतीतूनही झडप काढता येते, त्यासाठी बोगद्याचे जोडतुकडे मिळतात.

झडप बसली म्हणजे मांजर ती वापरेल असे नाही. अनोळखी वस्तूला डोके लावायला मांजर सहजी तयार होत नाही, आणि त्याला धरून भोकातून ढकलले तर ते त्या दाराकडे पुन्हा फिरकत नाही. पहिले काही दिवस झडप टेपने पूर्ण वर उचलून ठेवावी आणि पलीकडे सुका मासा किंवा त्याचा आवडता खाऊ ठेवून बोलवावे. ते बिनधास्त ये-जा करू लागले की झडप अर्ध्यावर आणावी, म्हणजे पाठीला तिचा स्पर्श होतो. मग हळूहळू खाली. चुंबकाच्या ‘टक्’ आवाजाला बुजणारे मांजर असेल तर सुरुवातीला चुंबकावर कागदी टेप चिकटवावी. चिपच्या झडपेत खटक्याचा आवाज मोठा असतो, तिथे खटका काही दिवस उघडाच ठेवावा. एखादे मांजर दोन दिवसांत शिकते, एखाद्याला महिना लागतो. नव्याने आणलेल्या मांजराला तीन-चार आठवडे घराची सवय होऊ देऊन, रेबीजसह लसीकरण आणि नसबंदी उरकूनच बाहेरची झडप उघडावी.

पुढची देखभाल थोडकीच आहे. महिन्यातून एकदा झडप ओल्या फडक्याने पुसणे, बिजागरीतले केस काढणे, पावसाळ्याआधी सिलिकॉनची कड तपासणे. चिपच्या झडपेचे सेल संपत आले की दिवा लुकलुकतो. तेव्हा सेल लगेच बदलावेत, कारण सेल संपल्यावर खटका उघडत नाही आणि मांजर बाहेरच राहते. रात्री आतून खटका लावून घेण्याआधी मांजर घरात आले आहे ना, हे पाहून घ्यावे. भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि शक्य असल्यास मूळ पॅनल किंवा दाराची पाटी जपून ठेवून झडप नव्या पाटीत बसवावी. घर सोडताना पाटी बदलली की दार पूर्ववत होते.