पॉलिमर क्लेची पानांची केन : एकदा बनवा, शंभर वेळा कापा, पण आधी एक भाजून बघा



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न होता, "मॅडम, ती पानांची कानातली घरी बनवून विकली तर किती सुटतील?" उत्तर देते, पण आधी माझा एक फटका सांगते.

दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कल्याणच्या एका ताईंनी पानांच्या कानातल्यांचे चाळीस जोड घेतले. दिसायला सुंदर, एकसारखे. मीही खूश, त्याही खूश. पंधरा दिवसांनी फोन आला, "अगं, तुझ्या कानातल्याचं टोक तुटलं गं. माझ्या जावेचंही तुटलं. बायका मला विचारतायत, मी काय सांगू?"

चूक रंगात नव्हती, डिझाइनमध्ये नव्हती. पानं नीट भाजलीच गेली नव्हती. मी चाळीसच्या चाळीस जोड पुन्हा करून दिले, फुकट. आजच्या हिशोबाने सत्तावीसशे रुपये गेले. पण त्यांनी ज्या बायकांना ते वाण दिलं, त्यांच्यातली एकही परत माझ्याकडे आली नाही. ते नुकसान कुठल्या वहीत लिहिणार?

म्हणून आज केन कशी करायची तेही सांगते, आणि ती धंद्यात कशी वापरायची तेही.

केन म्हणजे काय?

अळूवडी आठवा. पानावर पीठ लावून गुंडाळी करतो, उकडतो आणि सुरीने काप काढतो. प्रत्येक कापात तीच चक्री दिसते. केन म्हणजे तेच. मातीच्या वेगवेगळ्या रंगांचे थर असे रचायचे की आडवा काप घेतला की आत चित्र दिसलं पाहिजे. आपल्या केनमध्ये ते चित्र म्हणजे शिरांसकट हिरवं पान.

मूळ युक्ती काचेवाल्यांची. इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेच्या रंगीत कांड्या एकत्र जोडून, ताणून, त्यांचे काप काढतात. त्याला मिलेफिओरी म्हणतात, म्हणजे हजार फुलं. पॉलिमर क्लेमध्ये तेच काम भट्टीशिवाय, स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतं.

आणि इथे पॉलिमर क्लेच का? कारण फेविकॉल-कॉर्नफ्लॉरची माती किंवा एअर ड्राय क्ले हवेत सुकते. आज केन केली की लवकर संपवावी लागते. पॉलिमर क्ले मूळात पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं द्रव्य यांची असते. ती ओव्हनमध्ये जाईपर्यंत मऊच राहते. म्हणजे जून-जुलैत, धंदा थंड असताना केन करून ठेवा आणि नवरात्राच्या आधी लागेल तेवढीच कापा. केन हा तुमचा साठवलेला माल आहे. धंद्याच्या दृष्टीने हीच तिची खरी गंमत.

पानाची केन, पायरीपायरीने

१. माती मळून घ्या. हाताने किंवा पास्ता मशीनमधून. कडेला तडे जात असतील तर अजून मळायची आहे.

२. गडद हिरवा आणि पोपटी असे दोन रंग घ्या. दोन्हींचे त्रिकोण करून एकमेकांना जोडा, चौकोन तयार होईल. तो दुमडून मशीनमधून वीस-पंचवीस वेळा काढा. दुमडायचं मात्र प्रत्येक वेळी एकाच दिशेने, म्हणजे पोपटी कड पोपटीवर आणि गडद कड गडदवर आली पाहिजे. दिशा बदलली की सगळा एकच रंग होतो. नीट केलं तर गडदपासून पोपटीपर्यंत हळूहळू उतरणारा पट्टा मिळतो. ही पद्धत ज्युडिथ स्किनर यांच्या नावावरून स्किनर ब्लेंड म्हणून ओळखली जाते. मशीन नसेल तर लाटणं चालेल, वेळ जास्त लागेल.

३. या पट्ट्याची गुंडाळी करून जाड लोड बनवा. साधारण साडेचार सेंटीमीटर व्यास आणि सहा सेंटीमीटर उंची.

४. लोड उभा ठेवा. वरून खालपर्यंत चार सरळ, समांतर काप घ्या. पाच तुकडे होतील. प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये अगदी गडद हिरव्या किंवा पांढऱ्या मातीची पातळ पट्टी घाला आणि पुन्हा लोड जुळवून दाबा. या झाल्या पानाच्या शिरा.

५. आता महत्त्वाचं. लोड वरून बघा, शिरा उभ्या रेघांसारख्या दिसतील. या रेघांना तिरका, मधोमध, वरपासून खालपर्यंत एक काप द्या. दोन अर्धे झाले. त्यातला एक अर्धा उलटा करा, म्हणजे वरचं टोक खाली. कापलेल्या बाजू समोरासमोर आणल्या की शिरा इंग्रजी व्ही सारख्या जुळतात. क्लासमध्ये या क्षणाला सगळे "अरेच्चा!" म्हणतात. मध्ये जरा जाड पट्टी घाला, ती मधली शीर. मग दोन्ही अर्धे घट्ट जोडा.

६. बाहेरून गडद मातीचा पातळ थर गुंडाळा. मधल्या शिरेच्या एका टोकाला केनच्या संपूर्ण उंचीभर चिमटीत दाबत या, पानाचं टोक तयार होईल. दोन्ही टोकं दाबून लांबट केलं की आंब्याचं पान. एक टोक काढून दुसऱ्या बाजूला मध्ये खाच दिली की विड्याचं पान. पिंपळाच्या पानाचं लांब शेपूट सगळ्यांना आवडतं, पण ते बारीक टोक आधी तुटतं. नवीन असाल तर पिंपळ नंतर.

लहान करताना घाई नको

आत्ता तुमची केन सहा सेंटीमीटर लांब आहे आणि पान साधारण सहा बाय चार सेंटीमीटरचं आहे. एवढं मोठं कानात कोण घालणार? म्हणून केन दाबून, ताणून बारीक करायची. पान लांबी-रुंदीत निम्मं केलं की केन चौपट लांब होते. सहाची चोवीस सेंटीमीटर होते. माती तेवढीच, फक्त लांबीत गेली.

मधल्या भागापासून सुरुवात करा. चारी बाजूंनी थोडं थोडं दाबत टोकांकडे जा. लाटू नका. लाटलं की आतल्या शिरा पिळवटतात आणि पान वाकडं होतं. दोन्ही टोकांचा थोडा भाग नेहमीच बिघडतो, तो हिशोबात धरायचा.

आपल्याकडचा उन्हाळा हाही एक मुद्दा आहे. मे महिन्यात डोंबिवलीत दुपारी माती लोण्यासारखी होते, सुरी लावली की चित्र फासलं जातं. अशा वेळी केन पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग कापा. पातळ, धारदार पातं वापरा आणि प्रत्येक कापानंतर केन थोडी फिरवा, नाहीतर एक बाजू चपटी होते. काप दोन मिलिमीटरचे, सगळे सारखे. जोडीतली दोन पानं लागोपाठच्या कापांतली घ्या आणि एक पान उलटून लावा, म्हणजे डावं-उजवं जुळतं.

उरलेली केन उन्हापासून लांब, थंड कपाटात ठेवा. कच्ची माती काही प्लास्टिकला खाते आणि डबा चिकट होतो. डब्याच्या तळाशी त्रिकोणात पाच आकडा असेल, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, तर चालतो. सहा आकडा असेल तर नको.

ओव्हन खोटं बोलतो

आता माझ्या फटक्याकडे येऊ. मी ओटीजीचा खटका १३० वर ठेवला होता. पुढे शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या वजनाचा छोटा ओव्हन थर्मामीटर आणून आत ठेवला, तेव्हा कळलं की आत तेवढी उष्णता पोहोचतच नव्हती. कमी भाजलेलं पान दिसायला पक्क्यासारखंच दिसतं, पण आतून ठिसूळ राहतं. वाकवलं की काडकन तुटतं.

म्हणून चार नियम.

पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा. प्रत्येक ब्रँडचं वेगळं असतं. फिमोवर ११० अंश सेल्सिअस आणि अर्धा तास असं असतं, प्रीमोवर १३० अंश, दर सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास.

थर्मामीटर घ्या. खटक्यावर नाही, थर्मामीटरवर विश्वास ठेवा. ओव्हन आधी तापू द्या, माल मग आत.

जास्त तापवू नका. माती जळली तर पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडसारखा त्रासदायक वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा. जमलं तर या कामासाठी वेगळा ओटीजी ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण केन कापून भाजण्याआधी एकच काप भाजा. पूर्ण थंड होऊ द्या, मग बोटांनी हलकं वाकवा. नीट भाजलेलं पातळ पान थोडं लवतं. तुटलं, तर बाकीचे नव्याण्णव अजून तुमच्या हातात आहेत. मी हा एक काप भाजला असता तर ते सत्तावीसशे रुपये आणि त्या बायका दोन्ही वाचले असते.

आता किती सुटतात ते बघू

बीबीएला कॉस्टिंगचा पेपर मी पाठ करून पास झाले. खरं कॉस्टिंग या केनने शिकवलं. खालचे भाव मी हिशोबासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

केन २०० ग्रॅमची धरा. ब्रँडप्रमाणे वजन कमीजास्त भरेल. माती ग्रॅमला ५ रुपये, म्हणजे १,००० रुपये. लांबी २४ सेंटीमीटर, दोन्ही टोकांचे दोन-दोन सेंटीमीटर गेले, राहिले २०. दोन मिलिमीटरचा काप म्हणजे १०० पानं. त्यातली दहा कापताना, भाजताना बिघडली. राहिली ९०, म्हणजे ४५ जोड.

• माती : १,००० भागिले ४५, म्हणजे जोडीला २२ रुपये
• हूक, कडी, कार्ड, पाऊच : १८ रुपये
• वीज : १ रुपया
• मजुरी : एकूण १५ तास, तासाला ८० रुपये, म्हणजे जोडीला साधारण २७ रुपये

बेरीज ६८ रुपये. इथेच बरेच जण थांबतात आणि म्हणतात, "शंभरला विकलं तरी ३२ सुटले की!"

थांबा. प्रदर्शनात दोन दिवसांचा स्टॉल ३,००० रुपयांना घेतला आणि तिथे ६० जोड विकले, तर जोडीमागे ५० रुपये भाडं. आता खर्च ११८. शंभरला विकलं तर प्रत्येक जोडीला १८ रुपये खिशातून गेले. दीडशेला विकलं तर ३२ सुटले. आणि दीडशेची एक जोडी तुटून पैसे परत द्यावे लागले, तर जवळजवळ पाच जोडींचा नफा गेला. म्हणून भाजण्यावर मी एवढं बोलले.

मजुरी लिहायला लाजू नका. "मी घरीच तर असते" हे वाक्य हिशोबाच्या वहीत चालत नाही. उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला कोणी घेतलं, तर तिला तुम्ही पैसे देणारच ना?

कधी आणि कुठे

आपल्या भागात दोन हंगाम पक्के, दिवाळी आणि पाडवा. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली डोंबिवलीतच सुरू झाली, मग ठाणे, गिरगाव सगळीकडे पसरली. नऊवारीवर, पारंपरिक साडीवर वेगळं काहीतरी घालायला बायका शोधत असतात. आंब्याच्या पानांचं डिझाइन तेव्हा आपोआप बोलतं. म्हणजे फेब्रुवारीत तुमची केन तयार हवी. हूक, कड्या एकत्र घ्यायच्या असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला एक फेरी मारा, पण गर्दीची लोकल टाळून.

थोडी विक्री सुरू झाली की उद्यम नोंदणी करून टाका. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ : मोठी केन नको. पन्नास-साठ ग्रॅमची छोटी केन करा. किती काप निघाले, किती बिघडले, किती तास लागले, हे वहीत लिहा. एक काप भाजून, थंड करून वाकवून बघा. ते आकडे कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत आपण तुमच्याच आकड्यांवरून भाव काढू.

भेटूया मग!