विश्लेषण : केसांना अॅव्होकॅडो लावावे की खोबरेलच बरे?

अॅव्होकॅडो कुस्करा, केसांना लावा, अर्ध्या तासाने धुवा, केस रेशमासारखे होतील! असे व्हिडीओ हल्ली भोर-वेल्ह्यातल्या मोबाइलवरही येतात. या महागड्या फळासाठी पुण्याची वाट धरण्याआधी थोडे समजून घेऊ.

अॅव्होकॅडोत असते काय?

१०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यात मोठा वाटा ऑलिव्ह तेलातही असणाऱ्या ओलेइक आम्लाचा. त्याचा थर केसांवर बसतो, गुंता सुटतो, चमक येते. मात्र डोक्याबाहेरचा केस मृत पेशींचा असतो. त्यामुळे फळातल्या जीवनसत्त्वांनी त्याचे ‘पोषण’ होते, हा दावा फारसा टिकत नाही. आणि स्निग्धांशच हवा असेल, तर ओल्या खोबऱ्यात तो याच्या दुपटीहून अधिक आहे.

खोबरेल वेगळे का?

त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. तेही न्हाण्याआधी लावले तरी आणि नंतर लावले तरी. अर्थात ही कंपनी खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच निष्कर्ष वाचावा.

धुवायचे कशाने?

याचे उत्तर सह्याद्रीच्या रानातच आहे. शिकेकाईच्या काटेरी वेलाच्या शेंगांत सॅपोनिन असते, त्यानेच फेस येतो आणि तेल निघते. शेंगा रात्रभर भिजवून, उकळून, गाळून ते पाणी वापरतात. डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते! अॅव्होकॅडोचा गर मात्र एका धुण्यात निघेलच असे नाही, केसांत गुठळ्या राहतात. लावायचाच असेल तर पिकलेल्या फळाचा गर चाळणीतून काढून फक्त केसांच्या टोकांना लावावा.

कोणी टाळावे?

कोंडा असेल तर टाळूला नकोच. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया बुरशी टाळूवरच्या तेलावरच पोसते. रबरी हातमोज्यांची अॅलर्जी असणाऱ्यांना अॅव्होकॅडोचाही त्रास होऊ शकतो. आणि केस मुळापासून, मूठ-मूठ गळत असतील तर लेप लावत महिने घालवू नयेत. लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार हे कारण असू शकते. त्यासाठी डॉक्टरांना दाखवून आधी रक्त तपासून घ्यावे.